मार्ताची पाव मळायची परात

मला परत न करण्यात स्मिताला मिळण्यासारखं असं काय होतं? मीच सांगते, मित्रांनो. एक तर मी स्वतः : कल्हई उडालेली, कडेला चेपलेली, झाकणाची खोलगट पत्र्याची परात. भंगारवाल्यानंही तोंड वाकडं करावं. आणि दुसरं, 'स्मिताकडून भांडं कधी रिकामं येत नाही' हे नाव. तिला लोभ होता तो या दुसऱ्याचा.

मी मूळची कॅनडातली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मार्ता आणि योहान हे जोडपं सस्कॅचेवानच्या माळावर शेती करायला आलं. नजर जाईल तिथवर गवत. घराला लाकूड कुठून आणणार? त्यांनी नांगरानं मुळांसकट मातीचे तुकडे कापले, विटांसारखे रचले आणि त्यात संसार मांडला. पाऊस थांबला तरी छप्पर दोन दिवस गळत राही. अशा घरात मार्तानं मला आणलं, लोण्याच्या बदल्यात.

"एवढ्या लोण्यात फावडं आलं असतं," योहान कुरकुरला.

"फावड्यात पाव फुगवून दाखव, मग बोल."

पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा मुलगा जन्मला. भिंती आतूनही गोठलेल्या. मार्तानं माझ्यात लोकर अंथरली, बाळ निजवलं आणि मला चुलीच्या उबेला ठेवलं. पोर वाचलं. तेव्हापासून त्या घराची रीतच झाली : नवं बाळ आधी परातीत. चार पिढ्या निजवल्या मी. शेजारीपाजारी उसनीही जायची. दुसऱ्या दिवशी रिकामीच घरी यायची, कारण मार्ताचं पीठ माझी वाट बघत असे. कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही.

पुढे पाव दुकानातून येऊ लागला आणि मी शेडमध्ये खिळे सांभाळत बसले; बाळ आलं की तेवढ्यापुरती घरात यायची. मार्ताची नात आयरीन म्हातारी झाली, तेव्हा तिनं मला घासूनपुसून वर काढलं. शेजारी स्मिता राहायला आली होती; नवरा पद्माकर तिथल्या रिफायनरीत. त्यांच्या रुचिराला ताप आला, तर आयरीननं माझ्यात गरम पाव भरून नेऊन दिले.

पाव त्याच रात्री संपले. मी राहिले. रिकामं भांडं कसं द्यायचं? करंज्या करू, पण सारण मनासारखं झालं नाही. मग लाडू, पण पाहुणे आले. मग दिवाळीलाच देऊ. दिवाळीआधी पद्माकरची बदली झाली आणि मी त्यांच्या सामानातून थेट सिंगापुरात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये उतरले. स्मिता माझ्यात कणीक मळू लागली. खोटं कशाला बोलू, खिळ्यांपेक्षा मला ते बरं वाटलं.

यंदा आयरीनचा निरोप आला. तिच्या नातीला, क्लेअरला, बाळ होणार होतं. पाचवी पिढी. 'माझी परात तुझ्याकडे आहे ना? बाळाला तिच्यात ठेवलेलं बघायचंय. मग मी मोकळी.'

स्मिताचा चेहरा पडला. "पद्माकर, मी चोर ठरले रे."

"अगं, मग आज पाठव. कुरियरवाला खालीच बसतो."

"इतक्या वर्षांनी? रिकामी?"

"आई, जस्ट सेंड लाह!" रुचिरा पक्क्या सिंगापुरी ढंगात ओरडली. "आयरीनआजीला परात हवीय, फराळ नकोय."

"तू गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं!"

दोन दिवस खपून स्मितानं साजूक तुपातले शंकरपाळे केले. मला काठोकाठ भरलं, झाकण बांधलं. विमानात शिरताना मीही थोडी ऐटीतच होते. पण घरचं, तुपातलं, ना लेबल ना काही. कॅनडात तपासणीत खोकं अडकलं, महिनाभर पडून राहिलं आणि उलट बुकित बातोकला आलं. आत शंकरपाळ्यांचा चुरा, आणि मी.

बाळ तोवर जन्मलं होतं. आयरीननं व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला : बाळ कपडे धुवायच्या निळ्या प्लास्टिकच्या टोपलीत.

"मी आज पाठवते," स्मिता म्हणाली. "रिकामी पाठवते, आयरीन."

"आता कशाला गं? काल उचललं त्याला मी. चांगला जड झालाय, तिच्यात मावायचा नाही." आयरीन हसली. "तुझ्या पोळ्यांना होऊ दे."

तेव्हापासून स्मिता कणीक मळताना माझ्याकडे बघत नाही. मी तिला दोष देत नाही. ऐटीत मीसुद्धा होतेच की.

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू गरज सरली की लगेच नेऊन द्या. रिकामी द्या, ओशाळत द्या, पण द्या. कारण शेवटचा हिशेब असा झाला : पद्माकरचे गेले कुरियरचे पैसे, स्मिताची गेली झोप. नाव राखायचं होतं स्मिताला. त्याची किंमत मोजली आयरीननं, जिनं भरल्या परातीत आमच्याकडे पाव आणले होते.