आर्डिसवरचा माळ

माझा मेहुणा डेलमार आमच्या दफनभूमीची दर शनिवारी हजामत करतो. दुसरा शब्दच नाही त्याला. माझी बहीण आर्डिस गेल्यापासून तर त्याने गवत कापायच्या मोवरचं पातं आणखी बोटभर खाली घेतलं, आणि चर्चमधल्या बायका म्हणायला लागल्या, नवरा असावा तर असा.

त्या दफनभूमीच्या मागच्या कोपऱ्याला आजवर नांगर लागलेला नाही. पणजोबांच्या पिढीने आयोवात येऊन सगळा माळ उलथापालथा केला, पण मेलेल्यांसाठी कुंपण घातलेला तेवढा तुकडा राहिला. आता चहूकडे मका आणि सोयाबीन. जुना माळ पाहायचा तर त्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसावं लागतं, कारण मोवरच्या धाकाने तिथली झाडं बोटभरच वाढतात. फूल नाही, तुरा नाही. ओळखायचं ते पानावरून. खरखरीत, कातरलेलं पान उत्तर-दक्षिण उभं असेल तर तो कंपास. बारीक राखी पानांची ती बुटाची नाडी. नांगराखाली तिची मुळं नाडीसारखी फटाफट तुटायची, म्हणून जुन्या लोकांनी तिला हे नाव ठेवलं. शाळेची बस चालवणं सोडल्यावर मला हा नाद लागला. नाद कसला, वेडच.

मेअखेरीस मेमोरियल डेला लोक थडग्यांवर फुलं घेऊन येतात. त्याआधी कोपऱ्यातल्या तणावर औषध मारायचं, असं यंदा दफनभूमीच्या ट्रस्टींनी ठरवलं. मी सभेत उभी राहिले.

"ते तण नाहीये, रोलंड. मागून येऊन घुसलो आपण. तण म्हणायचं तर आपल्याला म्हण."

रोलंड आयलर्स हा ट्रस्टींचा म्होरक्या. लहानपणी माझ्याच बसने जायचा, त्यामुळे मला उलट बोलताना अजून त्याची जीभ अडखळते.

"बरं, लव्हॉन," तो म्हणाला, "जे जे ठेवायचंय तिथे झेंडी लाव. फवारणारा तेवढं सोडून मारेल."

मग मी रांगत रांगत एकेक झाड शोधलं आणि प्रत्येकाशेजारी तारेची निळी झेंडी खोचली. फक्त आर्डिसच्या थडग्यावर नाही खोचली. तेही याच कोपऱ्यात, आणि खणल्यावरही तिथे खोल मुळांतून बुटाची नाडी पुन्हा फुटली होती, कंपासची दोन पानं होती, पण ते डेलमारचं राज्य. झेंडी दिसली असती तर त्याने ती झाडासकट उपटली असती.

गुरुवारी जाऊन पाहते तो प्रत्येक झेंडीपाशी पान पिळवटून पडलेलं. फवारणारा शेजारच्या गावचा होता. त्याला फोन लावला.

"झेंडी म्हणजे इथे मारायचं, मॅडम," तो म्हणाला. "सगळीकडे तसंच असतं. बाकी मला नुसतं गवत दिसलं, ते सोडून दिलं."

रोलंड त्याला सांगायला विसरला होता, आणि मीही विचारलं नव्हतं. मी तिथेच बसून रडले. नांगराला चुकवून उरलेली झाडं, आणि मारणाऱ्याला ती एकेक करून दाखवून दिली मीच.

मग नाक पुसलं आणि आर्डिसकडे गेले. तिथे एक थेंबही पडला नव्हता. सगळी पानं ताठ होती. आता जुना माळ उरला होता तो माझ्या बहिणीच्या अंगावर, जेमतेम दाराएवढा. तिथे बी धरलं तरच कोपरा पुन्हा पेरता येणार होता. आणि शनिवारी डेलमार येणार होता.

मी तडक त्याच्या गॅरेजमध्ये गेले. तो पातं घासत होता.

"ऑक्टोबरपर्यंत आर्डिसवर मशीन घालू नकोस," मी म्हटलं. "बी धरू दे."

"मेमोरियल डेला अख्खं गाव येतं. म्हणतील, बायको गेली आणि हा विसरला."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय."

"माझी बहीण आहे ती, डेलमार."

तो घासत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "कापायचं नाही, तर मी तिथं येऊन करू काय?"

 या माणसाला थडग्यापुढे नुसतं उभं राहता येत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण माघार घेतली नाही.

शनिवारी सकाळी घडीची खुर्ची आणि थर्मासभर कॉफी घेऊन मी आर्डिसच्या थडग्यावर ठाण मांडलं. डेलमार मोवरवर बसून आला. त्याने बाकीची दफनभूमी कापून काढली आणि मग माझ्याभोवती फेऱ्या मारायला लागला, दर फेरीला जरा जवळ. माझ्या बुटांवर गवत उडत होतं. मी कॉफी पीत राहिले. शेवटी त्याने मशीन बंद केलं.

"आर्डिस पण अशीच हटवादी होती."

"तिच्याच हाताखाली शिकले मी."

"ऊठ. काय आहे ते दाखव तरी."

मी खुर्ची बाजूला केली आणि त्याचं बोट धरून त्या राखी पानावर ठेवलं. इतकी वर्षं तो त्याच्यावरून गेला होता, हात कधी लावला नव्हता.

"फूल कसलं येतं याला?"

"जांभळं म्हणतात. इथलं कुणी पाहिलंय कुठे? तू कापतोस ना."

त्याने मोवर सुरू केला आणि वळवून घरी नेला.

मेमोरियल डेला चर्चमधल्या युनिस हार्बर्ट्सने सगळ्यांच्या देखत विचारलंच, "काय डेलमार, मोवर बिघडला वाटतं?"

डेलमार कानापर्यंत लाल झाला. "मोवर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मी बिघडलोय." लोक हसले. तो हसला नाही, पण हललाही नाही तिथून.

शनिवारचं येणं त्याने सोडलं नाही. गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन तो आर्डिसवरचं खरं तण वेचायला बसायचा. सुरुवातीला पानापानाला मला हाक, "हे ठेवू की जाऊ दे?" पुढे पुढे हाका कमी झाल्या. जुलैत बुटाच्या नाडीला तुरे आले तेव्हा त्याचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला.

ऑक्टोबरात आम्ही बी ओरबाडून कागदी पिशवीत भरलं. औषधाने जळलेल्या जागा मी दाताळ्याने मोकळ्या करत गेले आणि तो पेरत आला. शेवटची मूठ मात्र त्याने राखून ठेवली. आमच्याकडे नवरा-बायकोचा दगड एकच असतो. आर्डिसशेजारी डेलमारचं नाव आणि जन्मसाल केव्हाच कोरून झालंय, पुढचं साल तेवढं कोरायचं राहिलंय. दगडासमोरच्या आपल्या अर्ध्या जागेवर तो ओणवा झाला.

"तिथे कशाला?" मी म्हटलं. "उद्या तुझ्यासाठी खड्डा खणतील, सगळं वाया जाईल." माझं बोलणं हे असं.

"पेरल्यापासून फूल यायला किती वर्षं लागतात?"

"पाच-सहा."

डेलमार ऐंशीला टेकलाय. त्याने बी बोटांनी नीट पसरलं, सावकाश उभा राहिला आणि बुटाने दाबायला लागला.

"मग सहा वर्षं इथं कुणी खणायचं नाही," तो म्हणाला. "सांग त्या रोलंडला."