बाफळीचं पाणी

जीप सुरू झाली होती, पण पुढं जाता येत नव्हतं. धुरपदाबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. सत्तरीची काटकुळी बाई, हातात गोधडीत गुंडाळलेलं मूल, आणि मागं रडून आवाज बसलेली त्या मुलीची आई, कुंदा.

“बाया उतारा खाले,” धुरपदाबाई म्हणाली. ड्रायव्हरला नव्हे, त्याच्या शेजारी बसलेल्या नर्सबाईंना. “आधी हाई पोरले धुयाना मोठा दवाखानामा लई जा.”

लताबाईंनी क्षणभर डोळे मिटले. बावीस वर्षांची नोकरी, त्यातली सहा वर्षं सोनगीरच्या पुढं आडबाजूच्या या उपकेंद्रात. पहाटे पाचपासून घरोघर हिंडून त्यांनी कुटुंबनियोजनाच्या शिबिरासाठी पाच बायका कशाबशा तयार करून जीपमध्ये बसवल्या होत्या. एकीची सासू आडवी आली होती, एकीचा नवरा. पाय सुजून चपलेचे पट्टे रुतत होते. आकडा पुरा झाला तर साहेब बदलीच्या अर्जावर शिफारस लिहिणार होते. बोदवडला लेक होती, दिवस गेलेली, आणि तिला सासू नव्हती.

“अक्का, सकाळीच पाहिलंय मी तिला,” त्या म्हणाल्या. “पोटात गॅस धरलाय. औषध दिलंय.”

“गॅस नही शे. हात लाई दख.”

सकाळी आठला कुंदा मुलीला घेऊन आली होती, हे खरं होतं. आठ महिन्यांची पोर. मध्येच किंचाळते, पाय पोटाशी घेते, मग गप्प होते, असं कुंदा सांगत होती. नेमकी त्या वेळी पोर गप्प होती. लताबाई यादीतली नावं तपासत होत्या. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, कपाळाला हात लावला, पोटदुखीचे थेंब दिले आणि सवयीनं बजावलं, “आणि त्या म्हातारीकडं नेऊ नका. तिचं ते बाफळीचं पाणी अजिबात पाजायचं नाही.”

हे त्या सहा वर्षं बजावत आल्या होत्या. बायका मान हलवायच्या आणि उन्हं कलली की धुरपदाबाईच्या दारात जाऊन बसायच्या.

गावामागच्या टेकडीच्या उतारावर बाफळी उगवत असे. उन्हाळ्यात तिथं काही आहे असं वाटायचंसुद्धा नाही, दगड तेवढे तापलेले दिसायचे. पण मूळ जमिनीत जिवंत असायचं. आषाढात त्यातून रुंद पानं फुटायची, मग कमरेएवढा दांडा वर यायचा आणि त्यावर उलट्या छत्रीसारखे पिवळ्या बारीक फुलांचे तुरे. कुणी पेरत नव्हतं, कुणी पाणी घालत नव्हतं. दिवाळीच्या आगेमागे बी वाळलं की धुरपदाबाई विळा घेऊन वर जाई आणि फक्त तुरे कापून आणी. मुळाला हात लावू देत नसे. ते चपटं, उग्र वासाचं बी ती पाण्यात उकळायची आणि पोट धरलेल्या तान्ह्या मुलांना दोन दोन थेंब बोटानं चाटवायची. त्याबद्दल कुणाकडून काही घेत नसे. तिची स्वतःची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. तेव्हा तिला बाफळी माहीत नव्हती.

“बाई, खाले उतर,” ती पुन्हा म्हणाली. आवाज चढला नव्हता.

लताबाई उतरल्या, वैतागूनच. त्यांनी पोरीचं झबलं वर केलं आणि पोटावर तळवा ठेवला. उजवीकडं बोटांखाली एक लांबट, मऊ गाठ आली. पोर किंचाळली. धुरपदाबाईनं कमरेला खोचलेलं फडकं काढून उलगडलं. त्यावर शेंबडासारखी, रक्तानं लाल झालेली शी होती.

आतड्यात आतडं शिरलं की असं होतं, हे लताबाई शिकल्या होत्या. बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

“तुम्ही काय पाजलंत हिला?”

“काहीच नही. चुल्हावर पानी ठेवं व्हतं. पोटले हात लावा अन् पानी उतारी दिधं. हाई बाफयीनं काम नही शे, बाई.”

पाचही बायका खाली उतरल्या. त्यांतल्या दोघी तिथूनच घरी निघून गेल्या आणि पुढं शिबिराला कधी आल्याच नाहीत. कुंदा, तिचा नवरा बन्सीलाल आणि मांडीवर पोर घेतलेल्या लताबाई, अशी जीप हमरस्त्याला लागली. ट्रकमागून ट्रक होते. लताबाई सारखा पोरीच्या नाकासमोर हात धरून पाहत होत्या.

धुळ्याला तासाभरात ऑपरेशन झालं. पोर वाचली. सर्जन बाहेर आले ते चिडलेलेच.

“आणखी दोन तास गेले असते तर ही हाती लागली नसती. आधी कुणाला दाखवलं होतं? काय दिलंत तिला?”

बन्सीलालनं लताबाईंकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, “गावातल्या म्हातारीनं झाडपाल्याचं पानी पाजलं, साहेब.”

बाई सरकारी होती. लसीला, तापाच्या गोळीला, पुढच्या बाळंतपणाला तिच्याच दारात जायचं होतं. म्हातारीचं काय, ती कुणाची कोण?

डॉक्टर अडाणीपणावर बोलत राहिले. लताबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. एक वाक्य बोललं की झालं असतं. कुंदानं एकदाच त्यांच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. ते वाक्य काही लताबाईंच्या तोंडातून निघालं नाही.

पोर आठवड्यानं घरी आली, पण बन्सीलालचं बोलणं तिच्या आधीच गावात पोचलं होतं. धुरपदाबाईनं पोर मारलीच होती, नर्सबाईंनी वाचवली, असं हातपंपावर बायका बोलायच्या. लताबाईंना लोक रस्त्यात थांबून हात जोडू लागले. एकीनं घरी बोलावून ओटी भरली. घरी येऊन त्यांनी तो खण ट्रंकेत तळाशी टाकला. धुरपदाबाईच्या दाराशी आता कुणी बसत नव्हतं. त्या वर्षी टेकडीवर बाफळी दाट आली होती. म्हातारी एकदाच वर गेली, लहानशी मोळी घेऊन उतरली आणि पुन्हा गेली नाही. उरलेलं बी वाऱ्यानं उतारावर सांडलं.

तीन आठवड्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साहेबांनी लताबाईंना बोलावलं. समोर कागद ठेवला.

“धुळ्याहून विचारणा आलीय. गावठी उपचारामुळं उशीर झाला, एवढं लिहा आणि सही करा. तुमच्यावर काही येत नाही. बदलीचंही मी पाहतोय.”

लताबाईंनी पेन घेतलं. मग लिहिलं: ‘बाळाला सकाळी आठ वाजता मी पाहिले. आईने सर्व लक्षणे सांगितली होती. घाईमुळे मी पोट तपासले नाही. श्रीमती धुरपदाबाई यांनी कोणतेही औषध दिले नाही. दुखणे त्यांनी ओळखले व त्यांच्यामुळेच बाळ वेळेवर धुळ्याला पोचले.’

साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. “बाई, अहो, हे कशाला? कुणी विचारलंय का तुम्हाला?”

“दमले मी, साहेब,” लताबाई म्हणाल्या. “रोज रात्री तेच डोक्यात. दुसरं काही लिहिलं तर ते सांभाळत बसावं लागेल. तेवढं बळ नाही राहिलं.”

ठपका आला. बदलीचा अर्ज मागं पडला. बोदवडला लेकीचं बाळंतपण शेजारणीनं केलं. मुलगा झाल्याचं पत्र लताबाईंना पाचव्या दिवशी मिळालं. त्यांनी ते उपकेंद्राच्या पायरीवर बसून वाचलं आणि तशाच उठून धुरपदाबाईच्या घरी गेल्या.

म्हातारी ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होती.

“अक्का, धुळ्याला मी गप्प बसले.”

“माले मालूम शे. कुंदानी सांगं.”

“मग गावात का नाही बोललात? बठ्ठं गाव तुम्हाला नावं ठेवतंय.”

धुरपदाबाईनं सूप बाजूला सरकवलं. “बोलीसन काय व्हतं? माले वाटनं, तू येशी. पन येवाले तुले भलताच येळ लागना.”

लताबाई ओट्याच्या कडेला टेकल्या आणि मिरच्या निवडू लागल्या. बोटं चरचरायला लागली. धुरपदाबाई म्हणाली, “पोटले हात लावत जाय, बाई. बठ्ठास्ना. साधं पोट दुखनं व्हई तं त्या मायले मन्हं घर दखाड. बी ठेयेल शे थोडं.”

“मला नाही तसं करता येत, अक्का. नियम आहे.”

“नको करू मंग,” ती म्हणाली. रागानं नव्हे. आणि पुन्हा सूप पुढं ओढलं.

पौषात एक बाळंतीण उपकेंद्रात आली. पहिलटकरीण, अंगावर सव्वा महिन्याचं पोर, दोन दिवस रडत असलेलं. बाहेर लसीसाठी रांग होती. लताबाईंनी हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि तळवा पोराच्या पोटावर ठेवला. हळूहळू सगळीकडं फिरवला, उजवीकडं दोनदा. फडकं मागून घेऊन उजेडात पाहिलं. अर्धा तास पोराला समोर निजवून त्याचं रडणं ऐकलं. पोट फुगलं होतं, बाकी काही नव्हतं.

थेंबांची बाटली त्यांनी हातात घेतली, परत कपाटात ठेवली आणि रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, “बसा, आलेच.”

भर दुपारी पांढऱ्या साडीतल्या नर्सबाई पुढं आणि पोर घेतलेली ती बाई मागं, अशा दोघी गल्लीतून निघाल्या. हातपंपावरच्या बायकांनी हांडे भरायचे थांबवले. ती बाई घाबरून कुजबुजली, “बाई, तिकडं नका. ती म्हातारी...”

“मी आहे ना,” लताबाई म्हणाल्या.

धुरपदाबाईचं दार ठेंगणं होतं. लताबाईंनी बाहेर चपला काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून आधी त्या आत गेल्या.