उजवी कळी

रामनगरचा जुना बसस्टँड म्हणजे एका रांगेत चार खांब आणि त्यांच्यावर दोन्हीकडे पसरलेलं काँक्रीटचं पातळ छप्पर. भिंत नाही, दार नाही. साठेक वर्षं बेळगाव-गोव्याचे प्रवासी त्याच्या सावलीत उभे राहत आले. कमल तिथंच केळी विकायची. उन्हात केळी दुपारपर्यंत काळी पडतात. स्टँड गेला की तिचा धंदाही गेला.

बेळगावहून प्राजक्ता नावाची आर्किटेक्ट बाई आली आणि त्या काळची असली बांधणी आता फारशी उरली नाही, जपा, असं सांगून गेली. व्यापारी संघाचे अध्यक्ष दत्तात्रयशेठ पोट धरून हसले. त्यांच्या लेखी जुनं म्हणजे किल्ला नाहीतर देऊळ. बापाच्या डोळ्यांदेखत बांधलेलं कसलं आलंय जुनं! स्टँड मोडून तिथं त्यांना सोनेरी घुमटाचं कॉम्प्लेक्स हवं होतं. कमलनं बाईंवरची आशा सोडली आणि सरळ गावदेवीला कौल लावला. देवीशिवाय शेठ कुणालाच भीक घालत नव्हते.

मारुती गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर स्टँड राखायचा, डावी पडली तर मोडायचा. गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली.

"देवीनं सांगितलं! स्टँड मोडायचा न्हाई!" कमल ओरडली.

शेठांनी मुकाट्यानं हात जोडले. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा हा माणूस गप्प का, हे आनंदाच्या भरात तिनं मनावर घेतलं नाही.

देवीनं राखलं म्हणजे जागा देवीचीच, असं शेठांनी ठरवलं, आणि ही अगाध अक्कल गावालाही पटली. खांबांना न्हाणीघरातल्या फरशा लागल्या, छपरावर कळस चढला, चारी बाजूंनी ग्रिल बसलं आणि मधे संगमरवरी देवी. वर आणखी प्राजक्ताबाईंना बोलावून वास्तू जपल्याबद्दल त्यांच्या हातात नारळही दिला. बाई कळसाकडं बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कमल टोपली घेऊन आली, तर ग्रिलला कुलूप.

"मावशे, चप्पल तिकडं काढ. टोपली हितं नको," शेठ म्हणाले. "तूच वाचवलंस न्हवं? पयला हार तुझा."

रस्त्याकडेला प्रवासी भर उन्हात उभे होते. आत गार सावलीत देवी एकटीच बसली होती. कमलनं ग्रिलला तोंड लावलं.

"तुझ्या देवळाला छप्पर न्हवतं व्हय गे आई?"

आणि तिनं केळ्यांवर पदर टाकला.