राखाडी पट्टा

थीम पार्कच्या सहलीत कशावर जास्तीचे पैसे घालावेत आणि कशावर घालू नयेत, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तीन महिने दुसरा विषय नव्हता. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. एक पेशंट आत गेला की दुसरा येईपर्यंत माझं डोकं फोनमध्ये. रांग टाळणारा फास्ट पास घ्यावा, नाहीतर निम्मा दिवस उन्हात वितळतो. पंखा आणि आरामखुर्च्यांची भाड्याची खोपटी घेऊ नये, आराम करायला घर आहेच. फोटोंचं पॅकेज नको, फोन कशाला बाळगतो आपण. आणि पुन्हा पुन्हा भरून मिळणारा सरबताचा पेला तर मुळीच नको, पोरी दिवसभर बाथरूमच्याच वाऱ्या करायला लावतात.

माझं घोडं अडलं ते अस्वलापाशी.

पार्कचं एक मोठं निळं अस्वल होतं. म्हणजे आत माणूस, बाहेर अस्वल. त्याच्यासोबत सकाळचा नाश्ता करता यायचा. ते टेबलापाशी यायचं, मुलांना मिठीत घ्यायचं. आमच्या दवाखान्यातल्या नर्सने तिच्या मुलाचा तसला फोटो टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला होता. रोज नोंदवही उघडताना तो माझ्याकडे बघून हसायचा. नाश्ता महाग होता. घ्यायचा तर कुठेतरी कात्री लावणं भाग होतं. मी ती बाबांच्या तिकिटाला लावली.

पार्कची तिकिटं दोन तऱ्हेची होती. एक पूर्ण. दुसरं सोबती. सोबती म्हणजे आत यायचं, बाकावर बसायचं, बरोबरच्यांचं सामान सांभाळायचं, पण कुठल्याही राइडमध्ये बसायचं नाही. त्याची किंमत पूर्ण तिकिटाच्या पाव होती.

"बाबांना विचारलंस का?" नवऱ्याने विचारलं होतं. तो शाळेची व्हॅन चालवतो. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलेला असतो, त्यामुळे घरात हळूच बोलतो. "त्यांनाही पूर्णच घेऊ या की. एकाने काय फरक पडतो."

"विचारलं," मी म्हणाले. "म्हणाले, मला नको ते गरगर फिरणं, मी आपला बसेन बाकावर."

मी विचारलं नव्हतं. ते वाक्य मीच बेतलं होतं आणि मीच शिवलं होतं, त्यांच्या मापाचं, त्यांच्या आवाजाचं. म्हणून तर इतकं अंगासरशी बसलं. नवऱ्याने मान डोलावली आणि विषय मिटला.

बाबा चौतीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होते. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. सहलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "तिथे मोठा आकाशपाळणा आहे म्हणे. केवढा आहे?"

"खूप मोठा आहे बाबा," असं म्हणून मी धाकटीच्या मोज्याची जोडी शोधायला गेले होते.

गेटवर एक बाई मनगटांवर पट्टे बांधत होती. आमचे चार नारिंगी. बाबांचा राखाडी.

"माझाच रंग वेगळा कसा काय?"

"ज्येष्ठांचा खास असतो तो," मी म्हणाले. उत्तर आधीपासून तयार होतं.

"असं होय." बाबांनी शर्टाची बाही दोन घड्या वर केली, पट्टा दिसावा म्हणून. पट्टे बांधणाऱ्या बाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्याचा हात हातात घेतला.

नाश्त्याच्या हॉलमध्ये राखाडी पट्ट्याला प्रवेश नव्हता. आत फार गर्दी आहे, असं सांगून मी बाबांना काचेबाहेरच्या बाकावर सावलीत बसवलं. भोवती पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पोरींचे स्वेटर. मग ते अस्वल आलं. सात वर्षांच्या माझ्या धाकटीने त्याला जवळून बघितलं मात्र, टेबलाखाली शिरली ती बाहेर यायला तयार होईना. थोरली अकराची. ती म्हणाली, "याच्या काखेत घामाचा वास येतोय," आणि आजोबांना भेटून येते म्हणून उठून गेली. अस्वल बिचारं दोन्ही पंजे पसरून उभं. शेवटी त्याने काचेतून बाबांना हात केला. बाबांनी उठून त्याला हात केला, मग दोन बोटांनी विचारलं, काय, उकडतंय का आत? अस्वलाने जड मान हलवली, हो. आमच्या टेबलावर त्या सकाळी त्या दोघांचंच काय ते जमलं.

थोरली परत आली ती गप्प होती. नॅपकिनमध्ये एक बन गुंडाळून पुन्हा बाहेर गेली.

त्यानंतरही दिवसभर बाबा मनगट मिरवत राहिले. फुगेवाल्याला म्हणाले, "बघ, आमचा खास." पाणी भरताना शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "वय झाल्याचा काहीतरी फायदा हवा ना." मला गंमत वाटली. नवऱ्याला कोपराने ढोसून मी हसलेसुद्धा.

दुपारी आम्ही आकाशपाळण्यापाशी आलो. बाबा थांबले ते थांबलेच. मान मागे, डोळे आकाशात, चेहऱ्यावर सळ्यांच्या सावल्या एकामागून एक सरकत होत्या.

"दोर नाहीत बघ याला," ते कुणाला तरी म्हणाले, कदाचित स्वतःलाच. "खाली ती रबरी चाकं आहेत ना, ती कड्याला घट्ट चिकटून फिरतात. तीच ढकलतात एवढा डोलारा. मधला कणा नुसता तोलून धरतो. त्या कण्यातलं बेअरिंग केवढं असेल."

"आजोबा, चला ना," धाकटीने त्यांचं बोट ओढलं. "एका डब्यात पाच जण मावतात. मी मोजलेत."

बाबा तिच्याकडे बघून हसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"नको गं राणी. माझे गुडघे आज ऐकत नाहीत. पायरी उंच आहे ती."

"मी देतो की हात," नवरा म्हणाला.

"अहो नको, जावईबापू. तुम्ही जा सगळे. एवढा ऐवज कोण सांभाळणार," आणि त्यांनी पिशव्यांवरून हात फिरवला.

माझा जीव भांड्यात पडला. हे लिहिताना हात अडखळतो, पण पडला. पाळण्याच्या गेटवर राखाडी पट्ट्याला लाल दिवा लागला नाही, कुणी काही विचारलं नाही, सगळं बिनबोभाट निभावलं. मी पोरींना पुढे घातलं. आमचा फास्ट पास. दोन मिनिटांत डबा मिळाला, दार बाहेरून लागलं आणि जमीन अलगद सुटली.

वरून पार्क चित्रासारखा दिसत होता. थोरली काचेला नाक लावून खाली बघत होती. मीही बघितलं. बाबा बाकावर नव्हते. पिशव्या बाकावर ठेवून ते कठड्याशी गेले होते. बघता बघता त्यांनी दोन्ही गुडघे टेकले, मग हात टेकले, मग गाल जमिनीला लागेल इतके वाकले आणि फलाटाखालची ती रबरी चाकं बघत राहिले. बराच वेळ. मग कशाचाही आधार न घेता एका झोकात उठले आणि पँट झटकली.

"बाबांचे गुडघे चांगलेच ऐकतायत की," नवरा हसून म्हणाला.

"दुखतच नाहीयेत त्यांचे," थोरली काचेवरचं नाक न काढता म्हणाली. "त्यांच्या पट्ट्याला राइड नाहीये."

"म्हणजे?"

"मागच्या बाजूला बारीक लिहिलंय. सोबती, राइडवर प्रवेश नाही. सकाळी त्यांनीच मला वाचून दाखवायला सांगितलं, चष्मा हॉटेलवर राहिलाय म्हणून. मग म्हणाले, आईला बोलू नकोस, तिचा दिवस खराब होईल."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "पण त्यांना माहीत होतं ना? तू विचारलं होतंस ना त्यांना?"

घरी असते तर मी स्वयंपाकघरात गेले असते. नळ मोठा सोडला असता, भांडी आदळली असती, काहीतरी उतू चाललंय असं म्हटलं असतं. इथे चारही बाजूंनी काच होती आणि आम्ही सगळ्यात उंचावर येऊन थांबलो होतो. खाली कुणीतरी डब्यात बसत होतं, म्हणून आम्ही वर लटकत होतो.

"नव्हतं विचारलं," मी म्हणाले.

आधी नवऱ्याने हात मांडीवर ठेवले, मग खिशात घातले.

"आजोबांना रडू आलं का?" धाकटीने ताईला विचारलं.

"नाही. बन खाल्ला त्यांनी."

त्यांना कळलं, याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटलीच. पण आतून जाळत होतं ते वेगळं होतं. सकाळी कळल्यावरही बाबा दिवसभर ते मनगट मिरवत होते. फुगेवाल्याला, पाणी भरणाऱ्या गृहस्थांना. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ते त्याच्यावर पांघरूण घालत फिरत होते, आणि मी कोपराने ढोसून हसत होते. डबा खाली येईपर्यंत मी पोरींकडेही बघू शकले नाही.

उतरल्यावर मी बाकाकडे गेलेच नाही. तडक तिकिटांची खिडकी गाठली.

"राखाडीचा नारिंगी करून मिळेल?"

"मिळेल," खिडकीतली मुलगी म्हणाली. "ज्यांचा आहे त्यांना घेऊन या."

"मी पैसे भरते. तुम्ही नुसता पट्टा द्या, मी बांधते त्यांना."

"तसं नाही देता येत, ताई. जुना इथे कापावा लागतो. आणि त्यांना हवाय ना? मग येतील की ते."

मला नारिंगी पट्टा मुठीत लपवून न्यायचा होता. बाबा, डोळे मिटा, हात पुढे करा. असं काहीतरी. केलेलं पाप रंगीत कागदात गुंडाळून मला त्यांनाच भेट द्यायचं होतं, वर त्यांचं कौतुकही हवं होतं. ते जमणार नव्हतं. आता विचारावंच लागणार होतं.

बाबा बाकावर बसून धाकटीला हाताच्या खुणांनी चाक कसं फिरतं ते दाखवत होते. नवरा शेजारी उभा होता. मी समोर उभी राहिले.

"बाबा, तुम्हाला पाळण्यात बसायचंय का?"

त्यांनी थोरलीकडे बघितलं. ती बुटांच्या टोकांकडे बघत होती. बाबा समजले.

"अगं, गुडघे..."

"गुडघे मधे आणू नका बाबा. मी खोटं बोलले. ज्येष्ठांचा खास वगैरे काही नसतं. तुम्हाला न विचारताच मी ते तिकीट घेतलं, अस्वलाचा नाश्ता पैशांत बसावा म्हणून." एवढं त्यांना ठाऊक होतं, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आणि याला सांगितलं, की तुम्हीच नको म्हणालात."

हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी म्हणालो?"

"हो."

"काय म्हणालो?"

नवरा दुसरीकडे बघू लागला. मला ते शब्द तसेच्या तसे म्हणून दाखवावे लागले, भर दुपारी, पोरींसमोर. "मला नको ते गरगर फिरणं, मी आपला बसेन बाकावर."

बाबांनी मान किंचित तिरकी करून ऐकलं. मशीनच्या खोलीत उभं राहून कुठला नट सैल झालाय ते आवाजावरून ओळखायचे, तसं.

"माझ्यासारखंच वाटतंय," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीचा पट्टा खांद्यावरून उतरवला. "बसायचंय मला. सहलीचं सांगितलंस तेव्हापासून बसायचंय."

खिडकीतल्या मुलीने कात्रीने राखाडी पट्टा कापला, नारिंगी बांधला. बाबांनी या वेळी बाही वर केली नाही. आम्ही सगळे पाळण्याच्या रांगेत शिरलो. डब्याचं दार उघडलं. धाकटी आत गेली, थोरली गेली, नवरा गेला. मी पाय उचलला तेव्हा बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"तू थांब खाली."

"का बाबा?"

"तू समोर बसलीस की माझ्याकडेच बघत बसशील. मग मला तुझी समजूत काढावी लागेल." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमलेला होता. "मला यंत्र बघायचंय, बाळा."

ते उंच पायरी एका दमात चढले. दार लागलं. डबा हलला, फलाटावरून सुटला आणि वर निघाला. मी हात वर करून उभी राहिले. एकदा तरी बाबा खाली बघतील, मान हलवतील, निदान ओळख दिल्यासारखं करतील, मग मला कुठेतरी बसता येईल, असं वाटत होतं. बाबा मधल्या कण्याकडे बोट दाखवत होते. पोरींची डोकी तिकडे वळली होती. नवराही तिकडेच बघत होता. डबा लहान होत गेला. मागच्या रांगेतली बाई म्हणाली, "जरा बाजूला होता का?" मी हात खाली घेतला आणि बाजूला झाले.