डाग नसलेला हातमोजा

मी एक जुना रबरी हातमोजा आहे. उजव्या हाताचा. माझ्यावर निळ्या रंगाची पुटेच्या पुटे चढली आहेत आणि तर्जनीच्या टोकाला भोक पडले आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मी जे पाहिले ते ऐकून तुम्हीही तोंडात बोट घालाल. मला तोंड नाही, नाहीतर मी पाचही घातली असती.

माझा जन्म झाडाच्या चिकातून झाला. चिनीमातीच्या पांढऱ्या हातांची लांबलचक रांग चिकात बुडी मारून वर येई आणि प्रत्येक हातावर आमच्यापैकी एक जण तयार होई. पुढे खोक्यात बसून मी कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात पोहोचलो. नऊ हौद, त्यांतून उठणारी वाफ, ओल्या कापडाचे जड तागे! आता आपण कामाला लागणार, म्हणून मी हरखून गेलो.

पण मुकादमांनी आम्हाला काचेच्या कपाटात ठेवले. "तपासनीस आले की घालायचे," ते कामगारांना म्हणाले, "तोवर कोणी हात लावायचा नाही. डाग पडला तर मला जाब द्यावा लागतो."

झाले! वर्षातून दोनदा आम्ही बाहेर येत असू. तपासनीस म्हणत, "वा, अगदी नव्यासारखे!" आणि कागदावर खूण करत. अशी तीन वर्षे गेली. त्या कौतुकाने मी फुगून जात असे. आज आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

काचेतून मला मावशी दिसत. कारखान्यातल्या सर्वांत जुन्या रंगारी. गरम हौदात उघडा हात घालून त्या कापडाची कड दोन बोटांत चोळत आणि म्हणत, "अजून दोन मिनिटं." दोन मिनिटांनी रंग अगदी हवा तसा उतरे! मी थक्क होऊन बघत राही. पण त्याच बोटांना खोल भेगा पडल्या होत्या.

"डॉक्टर म्हणतात, वर्षभर असंच चाललं तर बोटांना काही कळायचंच बंद होईल," जेवणाच्या सुट्टीत त्या शेजारणीला सांगत होत्या. "मग मला कोण ठेवतंय इथं?"

अशात एक दिवस एक बाई आल्या. त्या विद्यापीठात संशोधन करत. दूरच्या दुकानातून त्यांनी एक निळा सदरा घेतला होता आणि त्याचा माग काढत त्या उलट्या निघाल्या होत्या: दुकानातून शिलाईच्या कारखान्यात, तिथून आमच्याकडे आणि पुढे थेट कापसाच्या शेतापर्यंत. त्या इतके प्रश्न विचारत की कामगारांनी त्यांचे नाव प्रश्नताई ठेवले.

मुकादमांनी मोठ्या ऐटीत आम्हाला दाखवले. ताईंनी मला हातात घेतले आणि चक्क उलटा केला. असे आजवर कोणी केले नव्हते. "आतून घामाचा मागमूससुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मग बाहेर जाऊन त्यांनी मावशींना विचारले, "हात दाखवता का?"

मावशींनी हात पाठीमागे लपवले. मुकादमांचा चेहरा पडला. "ताई, हे लिहू नका. सदरे विकणारी कंपनी काम दुसरीकडे देईल. आम्ही सगळे घरी बसू."

"माझ्या हातांपायी चाळीस जणांच्या पोटावर पाय नको," मावशीही म्हणाल्या.

"लिहावं तर लागेलच," ताई म्हणाल्या. "पण नुसतं काय झालं ते नाही. का झालं, तेही शोधून लिहीन."

त्या अकरा दिवस राहिल्या. त्यांनी विचारले, हातमोजे का घालत नाही? "जाड आहेत. कापड बोटांना कळत नाही," मावशी म्हणाल्या. मग हात घालण्याआधी हौद गार का होऊ देत नाही? मुकादम उसळले, "कंपनी शेवटच्या आठवड्यात रंगाचा नमुना बदलते, तारीख मात्र तीच! रंगवलेलं कापड पुन्हा रंगवा, आधीचं पाणी नाल्यात सोडा. गार करायला वेळ कुठला?"

शेवटच्या दिवशी ताईंनी माझ्या कपाटासमोर एक भला मोठा कागद पसरला. त्यावर शेत, सूतगिरणी, हौद, नाला, दुकान, सगळे रेषांनी जोडलेले. एका कोपऱ्यात एक इवलासा हातमोजा आणि त्यापासून निघालेली रेष थेट एका झाडाला! माझे झाड! मला भरून आले. आणि एक रेष कंपनीच्या दूरच्या कचेरीतल्या टेबलापासून निघून मावशींच्या बोटांपर्यंत आली होती. तिकडे कोणी खुर्चीत रेलून म्हणे, "निळा जरा गडद करू या," आणि इकडे मावशींची बोटे फाटत. जग एवढे मोठे आहे आणि तरी इतके जवळ, हे मला त्या दिवशी कळले.

तो कागद कंपनीकडे गेला. पाच महिने काहीच घडले नाही. मुकादमांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग कंपनीची माणसे स्वतः आली, हौदाकाठी उभी राहिली, मावशींच्या हातांकडे बघून खाली बघू लागली. काम काढून घेतले नाही. नमुना तीन आठवडे आधी नक्की करायचे ठरले. दुबार रंगवणे घटले, हौद गार व्हायला वेळ मिळू लागला आणि नाल्यातले निळे पाणीही कमी झाले, पुरते थांबले नाही तरी.

मुकादमांनी स्वतः कपाट उघडले आणि मावशींचा हात माझ्यात शिरला. उबदार, खरबरीत, जिवंत! तीन वर्षे मी हाताचा नुसता आकार मिरवत होतो. हात म्हणजे काय, ते मला तेव्हा समजले. पहिल्या दिवशी मावशींनी दोन तागे बिघडवले. मुकादमांनी कपाळावर हात मारला, पण तिसरा तागा स्वतःच पुढे सरकवला. मग मावशींनीच युक्ती काढली: कापडाची पट्टी बाहेर काढून गार पाण्यात बुडवायची आणि उघड्या बोटांनी चोळून बघायची. "अजून दोन मिनिटं," त्या म्हणाल्या आणि सगळे हसले.

आठवड्यात मी डागांनी भरलो, सहा महिन्यांत फाटलो. मावशींच्या भेगा भरल्या. करंगळीच्या टोकाला मात्र अजून काही कळत नाही, बाकी बोटे वाचली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. नवा सदरा घालाल तेव्हा तो कोणाच्या हातून आला ते विचारा आणि खरे उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मला खुशाल मळवा, झिजवा, फाडा. माझ्यासारखे हजार मिळतील. जपायचे ते हात.