कडूचं पारडं

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली काटेवाले काका म्हणायची. दुकान एका खोलीचं. भिंतीवर तराजू टांगलेले, टेबलावर पितळी वजनं, आणि मधे काका, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. बिघडलेला तराजू आला की ते आधी रिकामी पारडी लटकवून बघत. एक पारडं खाली झुकलं, तर त्याला हात लावत नसत; समोरच्या हलक्या पारड्याखाली शिशाचा तुकडा डकवत. त्याला पासंग म्हणतात. पासंग लागला की काटा मधोमध. जन्मभर हेच केल्यामुळे काकांची पक्की खात्री झाली होती की देवानंही जग असंच चालवलंय. चूक काढावी लागत नाही, समोर काहीतरी डकवलं की भागतं.

अशा माणसाला मधुमेह झाला.

त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि काट्याच्या एका सुईच्या दोन सुया दिसू लागल्या. डावा डोळा आधीपासूनच नावापुरता होता. एक दिवस शेजारचा किराणावाला दुरुस्त करून नेलेला तराजू परत घेऊन आला.

"काका, मी दुकान टाकलंय की दानधर्म मांडलाय? गिऱ्हाईक तुम्हाला दुवा देत जातंय!"

काका हसले खरे, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. डोळा गेला तर हे काम गेलं, आणि माणसाला खरं माप मिळवून देणं हीच त्यांची पूजा होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, ऑपरेशन सोपं आहे. पण साखर एवढी असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे ती नजरही जाईल. गोड बंद करा, रोज चाला, गोळ्या चुकवू नका. तीन महिन्यांनी या."

काकांनी घरी येऊन साखरेची बरणी तडक शेजारी देऊन टाकली. त्यांच्या निग्रहाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. चहात ते मध घालू लागले, तोही सढळ हातानं, कारण मध म्हणजे औषध. सकाळी द्राक्षांचा रस, कारण द्राक्षं देवानं केली आणि साखर कारखान्यानं. दुपारी खजूर, कारण त्यानं रक्त वाढतं. आणि या सगळ्याला पासंग म्हणून पेलाभर कारल्याचा रस, डोळे घट्ट मिटून. चालायचं राहूनच जाई. पण दिवसभर दुकानात उभं राहणं म्हणजे चालणंच की, फक्त पुढं न जाता.

"अहो, मध गोड असतो ना?" काकूंनी विचारलं.

"गोड असतो. पण साखर नसते त्यात."

"मग गोड कशानं लागतो?"

"मधमाशीच्या कष्टानं! आणि समजा, गेलंच थोडं गोड पोटात. समोर कारलं आहे ना. गोडाच्या पारड्यासमोर कडूचं पारडं. काटा मधोमध."

काकूंना प्रवचनाचं भारी वेड. त्या म्हणाल्या, "पुण्य केलं म्हणून पाप पुसलं जात नाही, दोन्ही वेगवेगळी भोगावी लागतात, असं मी ऐकलंय."

"देवाचा न्याय पोटाला कशाला लावतेस?"

"मी कुठं लावतेय? पोटात तराजू तुम्हीच टांगलाय."

तपासणीच्या आदल्या दिवशी काकांनी धंद्यातली युक्ती काढली. वजनकाटे तपासून शिक्का मारणारा सरकारी निरीक्षक येणार असला की दुकानदार पारडी पुसून काटा शून्यावर आणून ठेवतात. निरीक्षक समोरचा काटा बघतो, गेल्या महिन्यात काय तोललं ते विचारत नाही. तेव्हा काकांनी दिवसभर काकडी खाल्ली, कारलं दुप्पट घेतलं आणि निर्धास्त झोपले.

"उपाशीपोटीची साखर बरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी काकूंकडे असं पाहिलं, जणू शिक्का बसलाच. "पण ही दुसरी तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती वाढलीय. खाता काय तुम्ही?"

काकांनी अभिमानानं सगळं सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, मधात साखरच असते. रसात, खजुरातही. ती देवाकडून आली की कारखान्यातून, हे रक्त विचारत नाही."

"पण वरून कारलं…"

"खा की, भाजी करून खा. पण ते मागून जाऊन मधाला बाहेर काढत नाही."

"म्हणजे वजा होत नाही?"

"नाही होत. ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून काट्याची सुई बघायला काकू दुकानात बसू लागल्या. पहिलाच तराजू उजवीकडे झुकला. काकांनी सवयीनं शिशाचा तुकडा उचलला. काकूंनी ते उजवं पारडं उलटं करून पाहिलं.

"अहो, याच्या बुडाला केवढा राप बसलाय! हा खरवडला तर?"

"असं कुणी करत नाही."

"बरं, मग मी करते."

राप निघाला आणि काटा आपसूक मधोमध आला. काकांनी हातातला शिशाचा तुकडा परत टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "घरी गेल्यावर तो मध कुणाला तरी देऊन टाक." आणि दुकान लवकर बंद करून दोघं लांबच्या रस्त्यानं चालत घरी गेली.

तीन महिन्यांनी देवाची कृपा झाली. साखर उतरली, ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. सुई एकच दिसली, आणि तीही केसाएवढी बारीक. किराणावाला आपला तराजू घेऊन धावत आला.

"काका, साखर उतरवलीत कशी?"

"कारल्याच्या रसानं!" काका ठासून म्हणाले. "फक्त त्याला पथ्य कडक आहे. मधासकट सगळं गोड सोडायचं, रोज चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. एवढं केलं की कारलं हमखास लागू पडतं."

काकूंनी तोंड उघडलं, पण नवऱ्याच्या त्या लख्ख डोळ्याकडे पाहून पुन्हा मिटलं.

त्याच संध्याकाळी किराणावाल्यानं दुकानासमोर कारल्यांचा ढीग लावला. "साखरेवर रामबाण!" असं ओरडत त्यानं अख्खा ढीग विकला, आणि काकांनी नुकत्याच नीट केलेल्या काट्यावर प्रत्येकाला अगदी खरं माप दिलं.