पायवाल्या महाराजांचा इंग्रजी सहा

जेवणाच्या खोलीत शिलाई विभागातल्या चाळीसेक बायका रांगेत बसल्या होत्या. प्रत्येकीचा उजवा पाय अनवाणी, डाव्या पायात चप्पल. समोरच्या बाकावर पायवाले महाराज. मी दारातून बघत होते. या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून मला चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात एक राखवाला बाबा येऊन गेला, एक फुंकरवाला येऊन गेला. आता हा. खरं सांगते, चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"उजवा पाय उचल," महाराज म्हणाले. "घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरव. शाब्बास! आता पाय फिरवता फिरवताच उजव्या हाताने हवेत इंग्रजी सहा काढ. सहा म्हणजे षड्रिपू!"

षड्रिपू आपले आणि आकडा मात्र इंग्रजी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

समोर काजवाली होती, शर्टांना काजं पाडणारी. तिने सहा काढायला घेतला आणि पाय आपोआप उलटा फिरला. खोलीभर "अगं बाई!" झालं.

"पाय तुझा, पण फिरवतंय दुसरंच कुणी," महाराजांनी डोळे मिटले. "घरातलंच माणूस. रोज स्वतःच्या हाताने तुला काहीतरी देतं."

काजवालीचा चेहरा उतरला. तिला फिट येते. गेली दोन वर्षं आली नव्हती, कारण तिची जाऊ रोज सकाळी गोळी तिच्या हातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

मग महाराजांनी तिच्या कपाळाला तेल लावलं, पुन्हा परीक्षा घेतली, आणि या वेळी पाय सरळ फिरला. मी मान हलवून कामाला गेले. ही माझी चूक.

चार दिवसांनी जाऊ दवाखान्यात आली. तीही याच कारखान्यात, बटणांवर. "सिस्टर, ती गोळी घेत नाही. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको म्हणते. मी काय वाईट केलं हो तिचं?"

काजाच्या मशीनवर फिट आली तर काय होईल, ते मला कुणी सांगायला नको. मी काजवालीला तडक मशीनवरून उठवून शर्टांच्या घड्या घालायला बसवलं आणि डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता गोळी सुरू करा. ती काही ऐकेना.

"सिस्टर, आधी माझा पाय माझं ऐकत नव्हता. तेल लावल्यावर ऐकायला लागला. सगळ्यांनी बघितलंय. ते खोटं?"

म्हणून त्या दुपारी महाराज पुन्हा जेवणाच्या खोलीत आले, तेव्हा मी त्यांच्यासमोर नीट बसून बघितलं. तेल लावून झाल्यावर ते हळूच म्हणायचे, "बाधा उजवीकडून गेली. आता डाव्या पायाने खात्री करू." बायका उजव्या पायात चप्पल घालायच्या, डावी काढायच्या. चप्पल बदलायची, आणि श्रेय तेलाला!

मी उठले. "महाराज, तेल लावलेल्या बाईचा उजवाच पाय तपासा की पुन्हा."

"देवाची दोनदा परीक्षा घेऊ नये, बाई."

"मग मी घेते." मी सगळ्यांनाच सहा काढत उजवा पाय फिरवायला लावला. तेलवाल्या, बिनतेलाच्या, सुपरवायझरसुद्धा. सगळे पाय उलटे. मग तेल न लावलेल्या बायकांना म्हटलं, आता डावा. तो बहुतेकींचा सरळ फिरला. खोलीत हशा पिकला.

"माझा उजवाही फिरत नाही उलटा!" महाराज ओरडले आणि करून दाखवलं. खरंच जमलं त्यांना.

"सराव केलात तर कुणालाही जमेल," मी म्हटलं. "उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही मेंदूचा डावा भाग चालवतो. एकाच वेळी दोघांना उलट दिशांना फिरवायला सांगितलं की त्याचा गोंधळ उडतो. हाताला सवय जास्त, म्हणून पाय त्याच्यामागे जातो. डावा पाय मेंदूच्या दुसऱ्या भागाकडे असतो, म्हणून गोंधळ कमी. यात जाऊ कुठे आली?"

महाराज तेलाची बाटली उचलून निघाले. दुसरा कारखाना शोधतील, मला माहीत आहे.

बायका कामाला गेल्या. काजवाली बसून राहिली.

"सिस्टर, तो बोलला तेव्हा बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "हे दुखणं कुणीतरी केलेलं होतं. म्हणजे जाणारं होतं. आता पुन्हा माझंच झालं."

चौदा वर्षं मी युक्त्या उघड्या पाडत होते, पण माणसं अशा महाराजांकडे काय शोधायला जातात, हे कुणी असं सरळ सांगितलं नव्हतं.

"तुझंच आहे," मी म्हटलं. "पण त्यात तुझा दोष नाही आणि जावेचाही नाही."

जाऊ दाराशीच होती, गोळीची पट्टी मुठीत धरून. आत यायला कचरत होती. काजवालीने तिच्याकडे बघून गोळीसाठी हात पुढे केला.

वाचणाऱ्यांनो, हा खेळ घरी जरूर करून बघा. पाय उलटा फिरला तर मनसोक्त हसा. त्यासाठी औषध सोडू नका, आणि जे माणूस रोज आठवणीने ते देतं, त्याच्यावर संशय घेऊ नका.